लुळ्या खांद्याला उसना स्नायू: ऑपरेशनआधी काय तपासायचं, नंतर काय सांभाळायचं

प्रश्न: माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. २२ महिन्यांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या नसा मानेपाशी ओढल्या गेल्या. पाचव्या महिन्यात नसांचं ऑपरेशन झालं. त्यानंतर कोपर वाकू लागलं. बोटं पहिल्यापासून चांगली आहेत. खांदा मात्र लोंबतो, हात बाजूला जेमतेम १० अंश उचलतो. कोपर वाकवलं की हात पोटावर येऊन अडतो, तोंडापर्यंत पोचत नाही. गेल्या सहा-सात महिन्यांत काही बदल नाही. एक सर्जन म्हणतात, मानेजवळचा स्नायू खांद्यावर लावू. दुसरे म्हणतात, सांधा कायमचा जोडून टाका. कोणाचं ऐकायचं? हात पूर्वीसारखा वर जाईल का? अंगठ्याकडे आग होते ती थांबेल का? आणि टेबलावरच्या कामाला तो परत कधी बसू शकेल?

उत्तर: सगळ्यात अवघड प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचे निर्णय त्याच्यावर ठरतात. नाही, हात पूर्वीसारखा कानाला लागेल इतका वर जाणार नाही. चांगली निवड, चांगलं ऑपरेशन आणि चांगला व्यायाम असं सगळं जुळलं तर बहुतेकांना हात बाजूला ३० ते ६० अंश उचलता येतो, काहींना थोडा अधिक. आकडा लहान वाटेल. पण ज्याचा हात आज अंगाशी लोंबतो आहे त्याच्यासाठी टेबलावर हात स्वतःच्या ताकदीने ठेवणं, शर्टाची बाही स्वतः चढवणं, काख धुणं, दुसऱ्या हाताने काम करताना या हाताने वस्तू दाबून धरणं, हे सगळं त्या ३०-६० अंशांतच होतं. भावाशी बोलताना हे आधीच स्पष्ट सांगा. डोक्यावरच्या फळीवरून डबा काढण्याची आशा मनात धरून जो ऑपरेशनला जातो, तो चांगला निकाल येऊनही खचतो.

नसांचं आणखी एखादं ऑपरेशन करून मूळ स्नायूच जागे करता येतील का, असं तुम्हाला कोणी सुचवेल. ती वेळ आता गेली आहे. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते आणि स्नायूमध्ये तिचा संदेश घेणारी टोकं नसेविना साधारण वर्ष-दीड वर्षात निकामी होतात. म्हणून नसांचं काम पहिल्या सहा महिन्यांत करणं सर्वांत चांगलं, आणि वर्षानंतर त्याचा भरवसा झपाट्याने कमी होतो. तुमच्या भावाचं ते वेळेत झालं आणि कोपर मिळालं, हा मोठा लाभ आहे. स्नायू बदलण्याच्या ऑपरेशनला मात्र अशी मुदत नसते. इथे मेलेला स्नायू जागा करायचा नसतो, जिवंत असलेला दुसरा स्नायू त्याच्या कामावर लावायचा असतो. त्यामुळे घाई करू नका. ईएमजी, म्हणजे स्नायूला नसेचा संदेश पोचतो का ते दाखवणारी तपासणी, जुनी असेल तर एकदा नव्याने करून घ्या. डेल्टॉइड (खांद्यावरचा, हात उचलणारा) किंवा इन्फ्रास्पायनेटस (दंड बाहेर फिरवणारा) या स्नायूंत नवी नस पोचल्याची खूण दिसली, तर आणखी काही महिने थांबणं शहाणपणाचं.

दोन सर्जन दोन गोष्टी का सांगतात, हे समजायला खांदा कसा चालतो ते थोडक्यात बघू. या विषयात ज्यांचं काम आजही पायाभूत मानतात ते कोलकात्याचे सर्जन डॉ. ए. के. साहा यांनी १९६७ साली खांद्याच्या स्नायूंची तीन गटांत मांडणी केली. पहिला गट उचलणाऱ्यांचा. यात मुख्यतः डेल्टॉइड आणि छातीच्या मोठ्या स्नायूचा कॉलरबोनवरून येणारा भाग. दुसरा गट सुकाणू धरणाऱ्यांचा: सबस्कॅप्युलॅरिस, सुप्रास्पायनेटस आणि इन्फ्रास्पायनेटस. हे दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीत दाबून धरतात आणि वर जाताना त्याला दिशा देतात. तिसरा गट खाली ओढणाऱ्यांचा. साहांचा मुद्दा असा होता की सुकाणूवाल्या तिघांपैकी दोन गेले असतील, तर नुसता उचलणारा स्नायू बदलून पुरत नाही, सुकाणूचीही सोय करावी लागते. ती केली नाही तर गोळा खोबणीत न फिरता वर सरकतो आणि हात थोडा उचलून तिथेच अडकतो. आम्ही पाहतो त्या निराशांमागचं हे एक नेहमीचं कारण आहे: डेल्टॉइडची भरपाई झालेली असते, फिरवण्याची झालेली नसते.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य म्हणूनच 'हात पोटावर येऊन अडतो' हे आहे. दंड बाहेरच्या बाजूला फिरवणारा इन्फ्रास्पायनेटस काम करत नाही, आणि आत फिरवणारे स्नायू शाबूत आहेत. त्यामुळे हात सतत आत वळलेला राहतो. कोपर वाकतं खरं, पण पंजा तोंडाकडे न जाता पोटाला घासतो. म्हणजे नसांच्या ऑपरेशनने मिळालेलं कोपर निम्मं वाया जात आहे. तेव्हा दोन्ही सर्जनना पहिला प्रश्न हा विचारा: 'हात उचलण्याचं तुम्ही सांगितलंत, बाहेर फिरवण्यासाठी काय करणार?' याचं स्पष्ट उत्तर ज्यांच्याकडे असेल त्यांचं म्हणणं अधिक लक्ष देऊन ऐका.

बाहेर फिरवण्यासाठी आज बहुतेकदा ट्रॅपेझियसचा खालचा भाग वापरतात. ट्रॅपेझियस हा मानेपासून खांद्यापर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला मोठा त्रिकोणी स्नायू आहे. त्याच्या खालच्या भागाची ओढ इन्फ्रास्पायनेटसच्या ओढीशी जवळजवळ समांतर असते, म्हणून तो या कामाला चपखल बसतो. अडचण एवढीच की तो दंडापर्यंत पोचायला कमी पडतो. मग मधलं अंतर कंडरेच्या, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीच्या, तुकड्याने जोडतात. हा तुकडा दान केलेल्या टाचेच्या कंडरेचा असू शकतो किंवा रुग्णाच्याच मांडीतून घेतात. दुसरा पर्याय पाठीच्या लॅटिसिमस डॉर्सीचा. लेपिस्कोपो यांनी १९३० च्या दशकात हा मार्ग दाखवला, आणि जन्माच्या वेळी नस ओढली गेलेल्या मुलांमध्ये तो अजूनही चांगला चालतो. मोठ्यांच्या अपघातात मात्र हा स्नायू स्वतःच अर्धवट कमजोर झालेला असतो, तेव्हा तो तपासल्याशिवाय कोणी सुचवत असेल तर सावध राहा.

आता एक कागद शोधा: पाचव्या महिन्यातल्या ऑपरेशनची तपशीलवार टिपण. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरणार नाही, 'ऑपरेशन नोट्स' मागा. कारण असं. सुप्रास्पायनेटस आणि इन्फ्रास्पायनेटस जागे करण्यासाठी बहुतेक वेळा स्पायनल ॲक्सेसरी ही नस वापरतात, आणि ट्रॅपेझियसला संदेश नेणारी नस तीच. नीट केलेल्या ऑपरेशनमध्ये वरच्या भागाकडे जाणारे फाटे राखून नस पुढे कापतात. म्हणजे वरचा ट्रॅपेझियस जिवंत राहतो, पण खालच्याची नस गेलेली असते. तुमच्या भावाच्या बाबतीत तसं झालं असेल, तर त्या बाजूचा खालचा ट्रॅपेझियस उसना घेण्यासारखा उरलेलाच नसेल. अशा वेळी काही ठिकाणी विरुद्ध बाजूचा खालचा ट्रॅपेझियस वापरतात, किंवा दंडाचं हाड कापून थोडं बाहेर वळवून प्लेटने बसवतात. या दुसऱ्या उपायाने फिरवण्याची ताकद येत नाही, पण पंजा पोटाऐवजी समोर येतो आणि कोपराचा उपयोग होतो.

जो स्नायू उसना घ्यायचा तो भक्कम हवा. ताकद ० ते ५ अशा श्रेणीत मोजतात आणि जागा बदलली की साधारण एक श्रेणी कमी होते. म्हणून ४ च्या खालचा स्नायू हलवून फारसं हाती लागत नाही. डॉक्टर हे मोजतीलच, पण अंदाज तुम्हालाही घरी घेता येतो. भावाच्या मागे उभे राहा, दोन्ही खांद्यांवर हात ठेवून खाली दाबा आणि त्याला खांदे कानाकडे न्यायला सांगा. दोन्ही बाजू सारखाच विरोध करत असतील तर वरचा ट्रॅपेझियस चांगला. मग खांदे मागे आणि खाली खेचायला सांगा आणि मणका व स्कॅप्युला, म्हणजे पाठीवरचं पसरट हाड, यांच्या मधल्या भागात दोन्हीकडे सारखा उंचवटा उठतो का ते पाहा. काखेची मागची कड चिमटीत धरून त्याला खोकायला सांगा. लॅटिसिमस जिवंत असेल तर चिमटीत टणक होतो. शेवटची तपासणी अनेकदा राहून जाते. त्याचा हात तुम्ही पुढे आडवा धरून ठेवा आणि त्याला पंजाने पुढे रेटायला सांगा. स्कॅप्युलाची आतली कड पंखासारखी पाठीतून वर आली, तर ती कड छातीला धरून ठेवणारा सेरेटस अँटीरियर हा स्नायू कमजोर आहे. तो कमजोर असेल तर कोणत्याही ऑपरेशनचा निकाल उणा पडतो, सांधा जोडण्याचासुद्धा, कारण त्या ऑपरेशननंतर सगळी हालचाल स्कॅप्युलाच करणार असते.

स्नायूइतकाच सांधा महत्त्वाचा. दुसऱ्याने धरून हात बाजूला ९० अंशांपर्यंत आणि कोपर अंगाशी ठेवून पंजा निदान ३० अंश बाहेर जायला हवा. उसना स्नायू आखडलेल्या सांध्याला हलवू शकत नाही. आखडलेला असेल तर आधी सहा-आठ आठवडे फिजिओथेरपी घ्या. त्याने उताणं झोपावं, एकाने स्कॅप्युला दाबून धरावा, दुसऱ्याने हात हळू बाजूला न्यावा, शेवटी २०-३० सेकंद थांबावं, एका वेळी १० वेळा, दिवसातून तीन-चारदा. झटका देऊ नका. दोन वर्षं न वापरलेलं हाड ठिसूळ झालेलं असतं. आणि लोंबत्या खांद्याला हाताला धरून खाली कधीच ओढू नका, उठवतानासुद्धा.

वरच्या ट्रॅपेझियसच्या, म्हणजे पहिल्या सर्जननी सांगितलेल्या मानेजवळच्या स्नायूच्या, ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात ते सांगतो. पूर्वी स्नायूला मांडीतल्या पडद्याची पट्टी जोडून दंडापर्यंत नेत, पण ती पुढे ताणून सैल पडायची. म्हणून बेटमन यांनी १९५५ मध्ये स्नायू हाडासकटच हलवला, आणि साहांनी तो आणखी मोकळा करून दंडावर जास्त खाली बसवला. जितका खाली बसेल तितकी तरफ चांगली. आजही ढाचा तोच आहे. खांद्याच्या टोकावरचं ॲक्रोमियन हे हाड, त्याला लागलेल्या ट्रॅपेझियससकट, कापून मोकळं करतात. डेल्टॉइड बाजूला करून दंडाच्या हाडाचा वरचा बाहेरचा पृष्ठभाग खरवडतात, म्हणजे हाडाला हाड धरेल. मग हात ९० अंशांच्या आसपास उचलून तो तुकडा दोन-तीन स्क्रूंनी दंडावर पक्का करतात. संपूर्ण भूल लागते. स्नायू मोकळा करताना आतल्या बाजूने येणारी नस आणि रक्तवाहिनी जपणं हे यातलं सर्वांत नाजूक काम. सर्जनना विचारा की हे ऑपरेशन ते नेहमी करतात का. ब्रॅकियल प्लेक्ससचं, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याचं, काम सातत्याने करणारी टीम मिळत असेल तर त्यासाठी थोडा प्रवास करावा लागला तरी करावा.

सांधा जोडून टाकणं हे वाईट ऑपरेशन नाही. उसना घेण्याजोगे स्नायू नसतील, सांधा झिजलेला असेल किंवा स्नायू बदलूनही खांदा लटकतच राहिला असेल, तेव्हा तेच सर्वांत भरवशाचं. हात साधारण ३० अंश बाजूला, ३० अंश पुढे आणि ३० अंश आत वळवलेला असा प्लेट-स्क्रूने कायमचा बसवतात. हाड जुळलं की खांदा दगडासारखा स्थिर होतो आणि स्कॅप्युलाच्या हालचालीवर हात उचलता येतो. पण फिरवणं कायमचं जातं. कोन १०-१५ अंश चुकला तर पंजा तोंडापर्यंत किंवा पाठीमागे शौचाच्या स्वच्छतेपर्यंत पोचत नाही, त्या कुशीवर झोपणं अवघड होतं आणि पडल्यास दंडाचं हाड प्लेटच्या खाली मोडण्याचा धोका राहतो. आमचं मत विचाराल तर असं: भावाचा वरचा ट्रॅपेझियस आणि सेरेटस भक्कम असतील, सांधा मोकळा आणि न झिजलेला असेल, आणि बाहेर फिरवण्याची काही सोय होत असेल, तर आधी स्नायूचं ऑपरेशन. ते मनासारखं झालं नाही तर नंतर सांधा जोडता येतो. जोडलेला सांधा मात्र परत मोकळा करून स्नायू लावता येत नाही. यातली एकही अट बसत नसेल तर दुसऱ्या सर्जनचं म्हणणं बरोबर ठरेल.

आता ज्या भागात सर्वांत जास्त बिघडतं तो: पहिले सहा ते आठ आठवडे. हात ७० ते ९० अंश बाजूला धरणारा ब्रेस किंवा प्लास्टर लागतं. फिरवण्याचंही ऑपरेशन झालं असेल तर हात बाहेर वळवलेलाच राहतो. या काळात हात एकदाही खाली यायला नको. आंघोळीला नको, शर्ट बदलायला नको, 'जरा दोन मिनिटं' म्हणूनही नको. प्रत्येक स्नायू ठरावीक लांबीतच जोर लावतो. हाड धरण्याआधी हात खाली आला तर स्क्रू उपटतो किंवा शिवलेली कंडरा लांबते, आणि लांबलेला स्नायू आकुंचन पावला तरी हात उचलत नाही. व्यायामाने हे भरून निघत नाही. म्हणून ब्रेस ऑपरेशनच्या आधीच मापाने बनवून एक-दोन रात्री लावून झोपून पाहा. पाठीला उशा लावून अर्धवट बसून झोपावं लागतं. शर्ट एक माप मोठा घेऊन त्या बाजूची शिवण उसवून त्याला चिकटपट्टी लावा.

दंडाच्या बाहेरच्या कातडीला त्याला स्पर्श कमी कळत असणार. ब्रेस तिथे किंवा कमरेच्या हाडावर टोचला तरी जाणवणार नाही आणि जखम होईल. रोज दोनदा आरशात किंवा तुम्ही स्वतः बघा. कोपराच्या आतल्या बाजूला दाब येऊन करंगळीला मुंग्या आल्या तर लगेच ब्रेस बदलून घ्या. बोटं आणि मनगट पहिल्या दिवसापासून दर तासाला हलवायची, कोपर सर्जनच्या परवानगीने. तंबाखू कोणत्याही रूपात असेल तर ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी पूर्ण बंद, कारण निकोटिनने हाड जुळायला उशीर होतो किंवा जुळतच नाही.

सहाव्या आठवड्यात एक्स-रे. हाड धरलेलं दिसलं की ब्रेस एकदम काढत नाहीत, दर आठवड्याला १०-१५ अंशांनी खाली आणतात. याच वेळी शिकणं सुरू होतं. मेंदूसाठी ट्रॅपेझियस अजून 'खांदा कानाकडे' नेणारा स्नायूच आहे. म्हणून सुरुवातीला हात उचल असं सांगून काही होत नाही. त्याने कुशीवर झोपावं, हाताला खालून आधार द्यावा आणि खांदा कानाकडे न्यायला सांगावं. ते करत असताना हात बाहेर सरकतो. खालच्या ट्रॅपेझियससाठी सूचना वेगळी: खांदा मागे-खाली खेच आणि पंजा बाहेर फिरव. एका वेळी ८-१० वेळा, दिवसातून चार-पाचदा. स्नायू थकून शरीर विरुद्ध बाजूला झुकायला लागलं की थांबायचं, नाहीतर ती झुकायची सवयच पक्की होते. समोर आरसा ठेवा. कातडीवर पट्टी लावून स्नायूचा जोर पडद्यावर दाखवणारं बायोफीडबॅक यंत्र मिळालं तर फार मदत होते. वजन घेऊन व्यायाम तीन महिन्यांनंतर, तेही आधी पाण्याच्या छोट्या बाटलीने. खरा निकाल वर्षाने कळतो.

टेबलावरचं काम असल्यामुळे डाव्या हाताने टाईप करायची आणि ब्रेससह खुर्चीत बसायची तयारी असेल, तर चार-सहा आठवड्यांत अर्धवेळ जमू शकतं. दोन्ही हातांनी नेहमीचं काम साधारण चौथ्या महिन्यापासून. गाडी ब्रेस निघून हातावर ताबा आल्याशिवाय नाही. खांद्याच्या उंचीपर्यंत जड वजन उचलण्याचं काम पुढेही टाळावं.

आगीबद्दल. मानेतून नस उपटली गेल्याने होणारी आग मज्जारज्जूतून येते, ती स्नायू बदलून जात नाही. त्यासाठी वेदनातज्ज्ञांकडून नसांच्या दुखण्यावरची औषधं वेगळी घ्यावी लागतात. पण खांदा लोंबल्याने दिवसाअखेरीस जी ओढ आणि जडपणा येतो, तो ऑपरेशननंतर बहुधा कमी होतो. ऑपरेशन होईपर्यंत उभं असताना आणि चालताना हात स्लिंगमध्येच ठेवावा.

आणि ब्रेस असताना 'कट्' असा आवाज येऊन अचानक दुखलं, खांद्याच्या कातडीखाली टोकदार काही लागायला लागलं, जखमेतून पाणी आलं किंवा ताप चढला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. पहिल्या काही दिवसांत सुटलेला स्क्रू परत बसवता येतो, महिन्याने ते फार अवघड होतं.

शेवटचं एक काम आजच करा. शर्ट काढून, समोरून आणि मागून, त्याचा हात बाजूला उचलताना, बाहेर फिरवताना आणि तोंडाकडे नेताना मोबाईलवर व्हिडिओ घ्या, तारखेसह ठेवा. दोन्ही सर्जनना तोच दाखवा. मग ऑपरेशननंतर तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात तशाच उभ्या जागेवरून परत घ्या. चौथ्या महिन्यात त्याला वाटेल की काहीच होत नाहीये, तेव्हा पहिला व्हिडिओ त्याच्यासमोर लावा.